चोविसावा नंबर

आज एका भांडणाविषयी बोलायचं आहे. भांडण माझं आणि माझ्या एका मित्राचं. जमिनीचं नाही, पैशाचं नाही, राजकारणाचं तर मुळीच नाही. जगातला सगळ्यांत श्रेष्ठ म्युझिक अल्बम कोणता, एवढाच प्रश्न, आणि पन्नासहून अधिक वर्षं झाली तरी त्याचा निकाल लागलेला नाही. आमच्या घरी याला ‘पेशवाईतला दावा’ म्हणतात.

सुरुवात 1969 सालची. आम्ही गिरगावात एकाच चाळीत राहायचो, एकाच कॉलेजात जायचो. मित्राचा मामा बोटीवर नोकरीला होता. लंडनच्या फेरीवरून येताना त्यानं भाच्यासाठी एक लाँग प्ले रेकॉर्ड आणली. बीटल्सची, ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’. रेकॉर्ड निघाली होती 1967 मध्ये, पण आमच्यासाठी ती ताजीच. कव्हरवर माणसांची जत्रा, मागच्या बाजूला सगळ्या गाण्यांचे शब्द छापलेले. त्या गर्दीत परमहंस योगानंदही आहेत. मित्राच्या आजीनं चष्मा लावून ते कव्हर निरखलं आणि ‘हे कुणाचं लग्न?’ असं विचारलं होतं. त्या चित्रात गांधीजीही असायचे होते. हिंदुस्थानात लोक रागावतील या भीतीनं कंपनीनं त्यांना काढायला लावलं, हे आम्हाला पुष्कळ वर्षांनी कळलं.

मामानं एक गंमत सांगितली होती. रेकॉर्डच्या अगदी शेवटी इतका बारीक, उंच सूर भरला आहे, की तो म्हणे कुत्र्यांना ऐकू जातो. मामाच्या गप्पा आम्ही निम्म्या वजा करून घ्यायचो, पण ही गोष्ट खरी निघाली. इंग्लंडमध्ये निघालेल्या रेकॉर्डवर पंधरा हजार हर्ट्झच्या आसपासचा सूर आहे. जॉन लेननला तेवढाच चावटपणा सुचला होता. आम्ही सुटकेससारख्या दिसणाऱ्या प्लेअरवर रेकॉर्ड लावली. शेवटच्या गाण्याअखेर तीन पियानोंवर एकदम एक स्वरमेळ आदळतो आणि चाळीसेक सेकंद विरत विरत जातो. तो विरला. मित्र कान टवकारून बसला होता. एकदम ओरडला, ‘आला! ऐकलास?’

मी म्हटलं, ‘ऐकला.’

श्रोतेहो, मला काहीही ऐकू आलं नव्हतं. पण वीस वर्षांच्या मुलाला ‘नाही’ म्हणायचं धैर्य नसतं. त्या दिवसापासून मित्राच्या मते श्रेष्ठ अल्बम ठरला. माझ्या मनात मात्र त्या रेकॉर्डविषयी अढी बसली ती बसलीच.

माझा पक्ष मला 1973 मध्ये चोरबाजारात मिळाला. माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’, 1959 चा. कव्हरचा कोपरा उंदरानं खाल्लेला, पण तबकडी धड होती. घरी लावली आणि मी गार झालो. जॅझमधला मी अडाणी. पण आमच्याकडे लहानपणापासून पेटी-तबला ऐकलेला, त्यामुळे एवढं कळलं, की हे लोक भराभर बदलणाऱ्या स्वरमेळांच्या मागे धावत नाहीत. एक सप्तक धरून त्यात सावकाश फिरताहेत. आपल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. राग नव्हे तो, पण बसण्याची रीत ओळखीची वाटते.

मग भांडणाला खरी धार आली. मी म्हणायचो, ‘तुझ्या बीटल्सना एक रेकॉर्ड करायला जवळजवळ पाच महिने लागले. माझ्या माणसानं दोन दिवसांत उरकलं.’ दोन्ही गोष्टी खऱ्या. न्यूयॉर्कमध्ये एका जुन्या चर्चच्या इमारतीतल्या स्टुडिओत 2 मार्च आणि 22 एप्रिल 1959, अशा दोनच बैठका झाल्या. मित्र म्हणायचा, ‘अरे, बासुंदी आटवायला वेळ लागतोच.’ मी म्हणायचो, ‘मैफल आटवतात का?’

यावर त्याचं उत्तर मात्र बिनतोड होतं, हे आज कबूल करतो. तो म्हणायचा, ही मैफलीची छापील प्रत नव्हेच. बीटल्सनी 1966 च्या ऑगस्टमध्ये दौरे बंद केले. ही गाणी कुठल्या रंगमंचावर वाजवायची नव्हतीच. चार ट्रॅकच्या यंत्रावर थरावर थर चढवून जे तयार झालं, ते त्या तबकडीशिवाय दुसरीकडे कुठं अस्तित्वातच नव्हतं. त्यामुळे अल्बम हीच मूळ कृती. तुझा माइल्स चांगला, पण त्याच्या बाबतीत तबकडी म्हणजे नुसता साक्षीदार.

या साक्षीदारानं पुढे माझी चांगलीच फजिती केली. ‘काइंड ऑफ ब्लू’च्या पहिल्या बाजूला जे एक तेज आहे, त्याच्यावर मी वर्षानुवर्षं व्याख्यानं देत असे. आणि 1992 च्या आवृत्तीच्या वेळी उघड झालं, की पहिल्या बैठकीला टेपचं एक यंत्र किंचित हळू चाललं होतं. त्यामुळे रेकॉर्डवर ती सगळी बाजू मूळ पट्टीपेक्षा थोडी चढी वाजत होती. तेहतीस वर्षं जगानं ती तशीच ऐकली. नवी आवृत्ती दुसऱ्या, बिनचूक टेपवरून काढली. मित्राला ही बातमी मीच सांगितली. लपवली असती तर बरं झालं असतं. पुढचे सहा महिने तो मला भेटला की आधी, ‘काय, पट्टी उतरली का?’

मुळात अल्बम ही चीज काय, हेही जरा बघायला हवं. जुन्या 78 च्या तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावायची. लांब रचना असली की पाच-सहा तबकड्या एका पुठ्ठ्याच्या वहीत, फोटोंच्या अल्बमसारख्या घालून विकत. त्यावरून हे नाव. पुढे 1948 मध्ये अमेरिकेत कोलंबिया कंपनीनं लाँग प्ले रेकॉर्ड आणली. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं. वही गेली, नाव राहिलं. आपल्या संगीताला या वीस मिनिटांचा मोठाच आधार झाला. अली अकबर खाँसाहेबांची अमेरिकेत निघालेली 1955 ची लाँग प्ले घ्या. एका बाजूला एक राग, उलटली की दुसरा. त्याआधीच्या कलावंतांना सगळं साडेतीन मिनिटांत बसवावं लागे. गोव्याच्या केसरबाई केरकरांचं भैरवीचं ध्वनिमुद्रण असंच इवलंसं आहे. ते 1977 मध्ये व्हॉयेजर यानावरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर गेलं आणि आता ताऱ्यांमधल्या अवकाशात पोचलं. अल्बमच्या यादीत मात्र त्याला जागा नाही, कारण तो अल्बमच नव्हे. याद्यांची ही एक गोम असते.

तर याद्या. अमेरिकेतल्या ‘रोलिंग स्टोन’ मासिकानं 2003 मध्ये कलावंत, समीक्षक आणि या धंद्यातली माणसं अशा पावणेतीनशेच्या आसपास लोकांची मतं घेऊन सर्वश्रेष्ठ पाचशे अल्बमची यादी छापली. पहिला नंबर ‘सार्जंट पेपर्स’! सकाळी सातला माझा फोन वाजला. पलीकडून ‘नमस्कार’ नाही, काही नाही. फक्त, ‘तुझा बारावा.’ आणि फोन बंद. नऊ वर्षांनी यादी सुधारली, तरी पहिला तोच. पुन्हा फोन.

मी तेव्हा त्याला एक गोष्ट दाखवली होती. त्या 2003 च्या पहिल्या दहांत चार अल्बम एकट्या बीटल्सचे, दोन बॉब डिलनचे. दहाच्या दहा 1965 ते 1979 या काळातले. म्हणजे मतं देणारे ज्या वयात प्रेमात पडले, ती वर्षं. आणि एकट्या बाईच्या नावाचा एकही नाही. जोनी मिचेलचा ‘ब्लू’ तिसावा. हे मी मोठ्या न्यायबुद्धीनं बोललो, पण खरं सांगायचं तर ‘ब्लू’ तोवर मी स्वतः ऐकलेलाच नव्हता. माझ्या कपाटात त्या दिवशी साठेक रेकॉर्ड असतील. त्यांत बायकांच्या सहा.

हे माझ्या लक्षात आणून दिलं मित्राच्या मुलीनं. आता ती चाळिशीची आहे, पुण्यात असते. मासिकानं 2020 मध्ये यादी पुन्हा नव्यानं केली. मतं देणारे बदलले, तीनशेच्या वर झाले, त्यांत तरुण आले, बायका आल्या, हिप-हॉपवाले आले. पहिला नंबर मार्विन गेचा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’. ‘ब्लू’ तिसाव्यावरून तिसरा. पहिल्या पाचांत बीटल्सचा एकच, ‘अ‍ॅबी रोड’. आणि ‘सार्जंट पेपर्स’ चोविसावा.

या वेळी फोन मी केला. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘आणि तुझा?’ माझा एकतिसावा झाला होता. ‘मग तुझ्यापेक्षा सात पायऱ्या वरच आहे,’ म्हणाला. पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता. मुलगी मला नंतर म्हणाली, ‘काका, बाबांना ते फार लागलंय. ते म्हणतात, तबकडी तीच आहे, तिच्यातला एक स्वरसुद्धा बदललेला नाही, मग चोविसावी कशी झाली?’

प्रश्न साधा आहे. मला त्याचं उत्तर देता आलं नाही.

पुढच्या वर्षी, 2021 च्या दिवाळीत, मी ठाण्याला त्याच्याकडे गेलो. मुलगीही आली होती. तिनं येताना ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ची रेकॉर्ड आणली होती. म्हणाली, ‘तुम्ही दोघांनी शिव्या द्यायच्या त्या द्या, पण आधी बसून पूर्ण ऐका. पस्तीस मिनिटांचा तर आहे.’

एक गोष्ट मी तुम्हाला सांगितली नाही. गेली काही वर्षं मित्राचे कान गेलेत. म्हणजे पूर्ण नाही. उतारवयात आधी उंच सूर जातात, तसे गेले. माणसांचं बोलणं कळावं म्हणून यंत्र आहे, पण ते लावून संगीत ऐकलं तर व्हायोलिन पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं लागतं, असं तो म्हणतो. त्यामुळे त्यानं रेकॉर्ड लावणंच सोडलं होतं. आमची भांडणं सगळी आठवणीवर चालली होती.

मुलीनं सुरुवात करायच्या आधी गोष्ट सांगितली. साल 1971. मार्विन गेचा भाऊ व्हिएतनामच्या लढाईतून परत आलेला. निदर्शनं करणाऱ्या पोरांना पोलीस मारताहेत. प्रेमगीतं म्हणणाऱ्या या गायकानं हे सगळं रेकॉर्डमध्ये आणलं, तेव्हा त्याच्याच कंपनीच्या मालकाला ते पसंत नव्हतं. मुख्य गाणं बाजारात आलं आणि धडाधड खपलं, तेव्हा कुठे पूर्ण अल्बमला वाट मिळाली. या कंपनीच्या रेकॉर्डवर वादकांची नावं छापायची पद्धत नव्हती. या कव्हरवर ती पहिल्यांदा आली. हे ऐकून मला आपले सिनेमातले गोवेकर वादक आठवले. सेबॅस्टियन डिसोझांसारख्या माणसानं शंकर-जयकिशनच्या गाण्यांची वाद्यरचना बांधली, पण गाणं गुणगुणणाऱ्या किती जणांना ते नाव माहीत होतं? असो.

रेकॉर्ड सुरू झाली. गाणी सुटी सुटी संपत नाहीत, एकातून दुसरं निघतं. मित्रानं पाच मिनिटं यंत्र लावून ऐकलं, तोंड वाकडं केलं आणि यंत्र काढून ठेवलं. मला वाटलं, संपलं. पण तो उठला, खुर्ची ओढत स्पीकरच्या खोक्याजवळ गेला आणि त्याच्यावर तळहात ठेवून बसला. त्या रेकॉर्डवर जेम्स जेमर्सन नावाच्या माणसाचं बेस गिटार आहे. मुख्य गाण्याच्या वेळी तो इतका प्यायलेला होता की जमिनीवर उताणा पडून वाजवत होता, असं सांगतात. ते खालचे सूर, एका जागी न थांबणारे, मित्राच्या हाताला लागत होते. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘हा बेसवाला कोण आहे? हा तर सगळं एकटाच गातोय.’

मी व्हायोलिन ऐकत होतो, गाणारा आवाज ऐकत होतो. बेसकडे माझं लक्षच नव्हतं. त्यानं सांगितल्यावर गेलं.

दोन्ही बाजू संपल्यावर मुलीनं विचारलं, ‘मग? कितवा?’ मित्र म्हणाला, ‘चांगला आहे. पण पहिला नाही.’ आणि कपाटातून मामानं आणलेली ती जुनी तबकडी काढायला लावली. कव्हरची कड सेलोटेप लावून पिवळी पडली आहे. आम्ही ती पूर्ण ऐकली. त्यानं हात खोक्यावर ठेवला होता, पण ओठ हलत होते, एकही शब्द न चुकता. शेवटचा तो पियानोंचा स्वरमेळ आला. तो विरेपर्यंत मित्रानं हात उचलला नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाला, ‘आला?’

आता या वयात मला पंधरा हजार हर्ट्झ काय ऐकू येणार? मी म्हटलं, ‘नाही. आणि त्या दिवशी चाळीतही आला नव्हता. मी खोटं बोललो होतो.’

त्याचं यंत्र टेबलावर पडलेलं होतं. त्याला ऐकू आलं नाही, की त्यानं न ऐकल्यासारखं केलं, ते मला कळलं नाही. तो म्हणाला, ‘आता तुझी लाव. पट्टी उतरवलेली.’