हलके फ्लायव्हील आणि पुराव्याचे ओझे

गाडीच्या वॉरंटीबद्दल दोन ठाम मते नेहमी कानावर येतात. एक मत असे की बाहेरचा साधा नट जरी बसवलात तरी वॉरंटी गेली. दुसरे असे की कायदा ग्राहकाच्या बाजूने आहे, कंपनी काही वाकडे करू शकत नाही. ही दोन्ही मते घासून पाहायला स्पोर्ट्स कारच्या फ्लायव्हीलइतका चांगला सुटा भाग मिळणार नाही. उदाहरण म्हणून मी माझदाची एमएक्स-५ ही छोटी, दोन माणसांची गाडी घेतो, आणि तीही अमेरिकेतली; कारण या विषयावरचा कायदा तिथे नेमक्या शब्दांत लिहिलेला आहे आणि वारंवार वापरलाही गेला आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. तो कायदा खरोखरच ग्राहकाच्या बाजूचा आहे, पण फ्लायव्हीलपाशी आल्यावर त्याचे पांघरूण आखूड पडते.

चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या एका फेऱ्यात दोनदाच इंधन पेट घेते. म्हणजे जोर सलग मिळत नाही, हिसक्याहिसक्याने मिळतो. कुंभार काठीने चाकाला गती देतो आणि मग चाक आपल्या वजनाने फिरत राहते. क्रँकशाफ्टच्या टोकाची जड तबकडी, म्हणजेच फ्लायव्हील, नेमके हेच काम करते. ती हलकी केली की ॲक्सिलरेटरवर पाय पडताच इंजिन झटकन चढते आणि पाय उचलताच झटकन उतरते. वळणाआधी ब्रेकवर चवडा ठेवून टाचेने ॲक्सिलरेटरला ठोकर द्यायची आणि खालचा गिअर टाकायचा, ही ज्यांची हौस, त्यांना हा फरक पहिल्याच वळणावर कळतो. तो आनंद खोटा नाही. प्रश्न आहे तो वेगात किती भर पडते याचा, आणि तिथे गणित जरा निर्दयी आहे.

समजा, फ्लायव्हीलमधून ३ किलो वजन कमी केले आणि ते केंद्रापासून सरासरी १० सेंटिमीटरवर होते. गाडीला पळवताना या वजनाचा भार किती भासतो हे गिअरवर ठरते, कारण चाकाच्या एका फेऱ्यात फ्लायव्हील किती फेरे घेते याचा वर्ग त्या हिशेबात येतो. एमएक्स-५ च्या सहा गिअरच्या गिअरबॉक्समध्ये पहिल्या गिअरला हे प्रमाण साधारण साडेचौदास एक पडते, म्हणून तिथे हे ३ किलो सुमारे ६७ किलोंइतके भासतात. मागच्या सीटवरचा माणूस उतरला म्हणावे, तर या गाडीला मागची सीटच नाही! तिसऱ्या गिअरला ही बचत ११ किलोंवर येते आणि सहाव्याला जेमतेम अडीच किलो उरते. ट्रॅकवर गाडी बहुतेक वेळ तिसऱ्या-चौथ्यातच असते. थोडक्यात, जिथे वेगाची खरी कसोटी, तिथे फायदा सुमारे हजार किलोंच्या गाडीत एका बॅगेएवढा.

आता दुसरी बाजू. फ्लायव्हीलचे जडत्व हा एक आकडा आहे आणि तो गृहीत धरून गाडीतले कितीतरी इतर आकडे ठरलेले असतात. क्रँकशाफ्टला पीळ बसून जी कंपने उठतात त्यांची वारंवारता, क्लच शोषून घेणारी उष्णता, गिअरबॉक्सपर्यंत पोचणारे धक्के, हे सगळे त्या आकड्याशी बांधलेले. १९८५ मध्ये लुक या जर्मन कंपनीने ड्युअल-मास फ्लायव्हील नियमित उत्पादनात आणले. त्यात दोन तबकड्या असतात, मध्ये लांब वक्र स्प्रिंगा असतात आणि इंजिनाचे हिसके गिअरबॉक्सपर्यंत जाण्याआधीच तिथे जिरतात. माझदाने २०१९ च्या मॉडेलमध्ये याच एमएक्स-५ च्या दोन लिटर इंजिनाची कमाल फेरेमर्यादा ६,८०० वरून ७,५०० वर नेली. त्यासाठी प्रत्येक पिस्टनमधून २७ ग्रॅम आणि प्रत्येक कनेक्टिंग रॉडमधून ४१ ग्रॅम काढले. ग्रॅमाग्रॅमाचा हिशेब करणाऱ्या या मंडळींनी त्याच वेळी गाडीला ड्युअल-मास फ्लायव्हील दिले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ते काढून एकसंध हलकी तबकडी बसवली, की न्यूट्रलमध्ये क्लच सोडल्यावर गिअरबॉक्समधून खडखड सुरू होते आणि क्लच दाबला की थांबते. ती निरुपद्रवीही असू शकेल. पण ज्या स्प्रिंगा ते धक्के खात होत्या त्या आता नाहीत, एवढे तर उघड आहे.

याहून बोलका पुरावा मिसफायरचा. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांना एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन पेटले नाही तर ते स्वतः ओळखावे लागते. त्यासाठी बहुतेक गाड्यांत एक सेन्सर क्रँकशाफ्टबरोबर फिरणारे दाते मोजतो आणि फिरण्यात किती चढउतार होतो ते संगणक पाहतो. फ्लायव्हील हलके केले की तोच हिसका क्रँकशाफ्टला जास्त डोलवतो. परिणामी इंजिन ठणठणीत असतानाही डॅशबोर्डवर दिवा लागू शकतो आणि पी-०३०० हा कोड नोंदला जाऊ शकतो. म्हणजे बदल झाल्याची तक्रार गाडी स्वतःच करते.

आता कायदा. अमेरिकेतल्या १९७५ च्या मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायद्याने कंपनीला अशी अट घालायला बंदी केली की आमचाच सुटा भाग विकत घ्या, नाहीतर वॉरंटी रद्द. बाहेरच्या भागाकडे बोट दाखवून क्लेम नाकारायचा असेल, तर बिघाड त्या भागामुळेच झाला हे कंपनीने दाखवून द्यायचे. ही नुसती कागदावरची गोष्ट नाही. फेडरल ट्रेड कमिशनने २०१५ मध्ये बीएमडब्ल्यूच्या मिनी विभागावर आणि २०२२ मध्ये हार्ले-डेव्हिडसनवर याच कलमाखाली कारवाई केली. तेव्हा ‘एक नट बसवला की वॉरंटी गेली’ हे मत सरळ चुकीचे. पण या प्रकरणांचे स्वरूप पाहा. आक्षेप होता तो सरसकट घातलेल्या अटीवर. मूळ भागाच्याच तोडीचा, फक्त दुसऱ्या कारखान्यातला ऑइल फिल्टर बसवणाऱ्याला हा कायदा भक्कम आधार देतो. हलके फ्लायव्हील मात्र मूळ भागासारखे नाही म्हणूनच विकत घेतले जाते. क्लच जळला, गिअरबॉक्सचे बेअरिंग गेले, क्रँकशाफ्टला तडा गेला, तर कार्यकारणाची साखळी जोडायला कंपनीच्या इंजिनिअरला फार घाम गाळावा लागत नाही. पुराव्याचे ओझे कंपनीवरच असते खरे. पण इथे ते फ्लायव्हीलसारखेच हलके झालेले असते.

यावर कोणी म्हणेल, पोर्शे स्वतःच असे फ्लायव्हील देते. खरे आहे. २०१६ च्या ९११ आर या गाडीला ५ किलोंनी हलके, एकसंध फ्लायव्हील मागवता येत होते आणि त्यावर वॉरंटीही होती. पण तिथे इंजिन, क्लच आणि संगणकातले आकडे त्या तबकडीसकट एकाच घरात तपासले गेले होते. बाहेरून भाग घेणाऱ्याच्या वाट्याला त्यातली फक्त तबकडी येते. दुसरा आक्षेप, कित्येकांनी हे बसवले, कुणाचे काय बिघडले? बहुतेकांचे काही बिघडत नाही, हे मला मान्य आहे. वॉरंटी मात्र बिघडलेल्या थोड्यांसाठीच असते. तिसरा मार्ग कुजबुजत सुचवला जातो: सर्व्हिस सेंटरला नेण्याआधी जुने फ्लायव्हील परत बसवा. याला गिअरबॉक्स दोनदा खाली उतरवावा लागतो, मजुरीच खिसा रिकामा करते. शिवाय हे लपवणे उघडे पडले, की आतापर्यंत आपल्या बाजूने उभा असलेला कायदाही पाठ फिरवतो.

कंपन्या याचा गैरफायदा घेत नाहीत असे मात्र मी म्हणणार नाही. फ्लायव्हील बदललेले दिसले म्हणून काच वर-खाली करणारी मोटर नाकारली जात असेल, तर ती लबाडी आहे. तिथे एकच मागणी धरून बसावे: नकार लेखी द्या आणि त्यात तांत्रिक कारण लिहा. काचेच्या मोटरबद्दल असे कारण लिहिणे कुणालाही जड जाईल.

तरीही हौस भागवायचीच असेल तर मुहूर्त पाहावा. माझदाची अमेरिकेतली इंजिन-गिअरबॉक्सची वॉरंटी ५ वर्षे किंवा ६०,००० मैल, यातले जे आधी होईल तोवर असते. नेमस्तपणे चालवलेल्या गाडीचा क्लच बहुधा त्याच्यापुढे टिकतो. तो बदलायला गिअरबॉक्स उतरवावाच लागतो आणि फ्लायव्हील त्याच्यामागेच असते. त्या दिवशी ते बदलण्याची मजुरी आणखी काही बोल्टांपुरतीच.