चुना, गेरू आणि तुळस : घराला घरपण देणारे हात



शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत एक वाक्य वारंवार कानावर पडते : "हे कुठे स्वतःचे घर आहे? स्वतःचे झाले की बघू." रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीसाठी दुरून आलेले कुटुंब दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोलीत हे वाक्य बोलते. दौंडच्या रेल्वे वसाहतीतील किंवा राज्य राखीव पोलीस दलाच्या निवासस्थानातील कुटुंब बदलीच्या भीतीने हेच बोलते. एवढेच कशाला, शेतातल्या वस्तीवर स्वतःचे घर बांधून राहणारा शेतकरीही भिंतींच्या गिलाव्याकडे पाहून म्हणतो, "पुढच्या हंगामात उसाचे पैसे आले की रंगाचे पाहू."

असे म्हणता म्हणता दहा-पंधरा वर्षे निघून जातात. त्या खोलीत रांगायला शिकलेले मूल दहावीला बसते. भिंत मात्र तशीच राखाडी, खिळ्यांनी पोखरलेली, ओलीचे नकाशे मिरवणारी राहते. घर पुढे ढकलता येते, कर्ज पुढे ढकलता येते. मुलांचे बालपण पुढे ढकलता येत नाही. मोठेपणी 'आपले घर' म्हणून त्या मुलाला जे आठवणार आहे, ते आज ज्या चार भिंतींत ते वाढते आहे तेच होय. म्हणून गृहसजावट हा श्रीमंतांच्या हौसेचा विषय नाही. तो गृहस्थाश्रमाचा, संस्कारांचा विषय आहे.

इनामगावचा वारसा

घर सजवायला पैसा लागतो, मोठी जागा लागते, ही समजूत अलीकडची आहे. तिचे उत्तर शिरूर तालुक्याच्या मातीतच सापडले आहे. घोड नदीच्या काठी वसलेल्या इनामगाव येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर आदी विद्वानांच्या या कार्यातून इ. स. पूर्व १६०० ते ७०० या सुमारे नऊशे वर्षांच्या काळातील शेतकऱ्यांची वसाहत उजेडात आली. कुडाच्या आणि मातीच्या भिंती, चोपून घट्ट केलेली जमीन, गवताने शाकारलेले छप्पर अशी ती घरे होती. त्या वसाहतीत कुंभार होते, दागिने घडवणारे होते आणि चुना तयार करणारे कारागीरही होते.

त्या घरांतील मडकी पाहण्यासारखी आहेत. लाल रंगाच्या भाजणीवर काळ्या रंगात काढलेल्या रेघा, त्रिकोण, चौकटी. पाणी साध्या मडक्यातही राहते. नक्षी काढल्याने ते अधिक मावत नाही. तरीही कोणा हाताने कुंचला उचलला. पुढे इ. स. पूर्व १००० नंतर पर्जन्यमान घटले, दिवस कठीण आले, असे संशोधकांचे मत आहे. प्रशस्त चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. भांडी ओबडधोबड झाली. पण त्यांच्यावरची नक्षी संपली नाही. हलाखीतही जे टिकले, ते सुबत्तेच्या काळात का सुटावे, हा प्रश्न घोड आणि भीमेच्या काठी राहणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला विचारण्यासारखा आहे.

चुन्याची भिंत

आजच्या घराची सजावट सुरू होते ती भिंतीपासून. दिवाळीपूर्वी घराला चुना देणे हा एके काळी घरातल्या सर्वांचा कार्यक्रम असे. तो मागे पडला याचे कारण चुना निकृष्ट आहे हे नव्हे; तो भिजवण्याची कृती विस्मरणात गेली, हे आहे.

कळीचा चुना पत्र्याच्या डब्यात भिजवावा, प्लास्टिकच्या बादलीत नव्हे. कारण भिजताना तो उकळतो. आधी डब्यात पाणी घ्यावे आणि त्यात चुन्याचे खडे थोडेथोडे सोडावेत. चुन्यावर एकदम पाणी ओतू नये. या वेळी लहान मुलांना दूर ठेवावे, डोळे जपावेत, हातांना कापड किंवा मोजे असावेत. दोन-तीन दिवस तो पाण्याखाली मुरू द्यावा, मग जुन्या धोतराच्या किंवा साडीच्या कापडातून गाळावा. चिकटपणासाठी त्यात भिजवलेला डिंक अथवा तांदळाची पेज आणि शुभ्रपणासाठी चिमूटभर नीळ घालावी. भिंत झाडून, पाणी शिंपडून ओलसर करावी आणि ताकासारखा पातळ हात द्यावा. पहिला हात फिका दिसतो, म्हणून पुष्कळ जण घाईने दाट चुना फासतात आणि मग त्याचे पोपडे पडतात. पातळ दोन-तीन हात, मध्ये वाळण्यास पुरेसा वेळ, हेच त्याचे रहस्य. हवेतील कर्बवायू शोषून चुना हळूहळू पुन्हा दगडासारखा घट्ट होतो. भिंतीतील ओलावा तो बाहेर पडू देतो. ऑइलपेंटखाली तोच ओलावा कोंडतो आणि फुगे येतात.

मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. आधीच ऑइलपेंट दिलेल्या भिंतीवर चुना धरत नाही. आणि जिथे छतातून किंवा नळातून पाणी झिरपते, तिथे कोणताही रंग हा उपाय नव्हे. आधी गळती थांबवली पाहिजे.

चुन्यात रंग हवा असेल तर मातीचे रंग मिसळावेत. गेरूने गुलाबी छटा येते, पिवळ्या मातीने उन्हासारखी. हळद मात्र चालत नाही. हळदीला चुना लागताच ती लाल होते, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. कुंकू करण्याची पारंपरिक रीत याच गुणावर आधारलेली आहे. पण भिंतीवर तो रंग टिकत नाही, उन्हाने उडतो. गेरू हे लोहाचे खनिज असल्याने तो टिकतो. भिंतीच्या पायथ्याशी वीतभर उंचीचा गेरूचा पट्टा ओढला, तर पोछ्याच्या पाण्याचे डाग झाकले जातात आणि खोलीला चौकट लाभते.

अंधाऱ्या खोलीसाठी आणखी एक साधा नियम आहे. खिडकीच्या समोरची भिंत आणि छत पांढरे ठेवावे. तिथून उलटलेला उजेड साऱ्या खोलीत पसरतो आणि दिवसा दिवा लावण्याची गरज कमी होते. गच्चीच्या स्लॅबवर उन्हाळ्यापूर्वी चुन्याचा जाड हात दिला, तर ऊन परावर्तित होऊन खालची खोली काही अंशी थंड राहते. सुशोभनाबरोबर हा लाभ होतो.

भाड्याच्या खोलीत अर्थातच घरमालकाची संमती घ्यावी. बहुतेकदा ती मिळते. कारण खोली स्वच्छ होते ती त्याचीच. सरकारी निवासस्थानांत भिंतीला हात लावण्यास मर्यादा असतात. तिथे जे उचलून नेता येते त्यावर भर द्यावा : जुन्या साडीचा पडदा, घरी शिवलेली गोधडी, गेरूने रंगवलेल्या कुंड्या. आणि उंबऱ्यासमोर रोज नव्याने उमटणारी रांगोळी तर प्रत्येक बदलीच्या गावी सोबत येते. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत चैत्रगौरीसमोर काढले जाणारे चैत्रांगण हे त्याचे उत्तम उदाहरण. सूर्य, चंद्र, शंख, चक्र, कमळ, कासव, गोपद्मे, तुळशीवृंदावन अशी सारी सृष्टी ते दोन हात जागेत उभी करते. नात आजीजवळ बसून ते शिकली नाही, तर छापील चिकटचित्र त्याची जागा घेईल. आणि चिकटचित्राला गोष्टी सांगता येत नाहीत.

तुळस का वाळते?

भिंतीनंतर हिरवाई. शिरूर आणि दौंड हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. वार्षिक पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. कालव्याखालच्या गावांत ऊस डोलतो, तर त्याच तालुक्यातील जिरायती गावांत उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. अशा ठिकाणी बागेचा उपदेश करणाऱ्याने आधी पाण्याचा हिशेब मांडला पाहिजे. डाळ-तांदूळ आणि भाजी धुतलेले पाणी चार-पाच कुंड्यांना पुरते. साबणाचे पाणी मात्र कुंडीत नको.

कुंडी विकत घेण्याची आवश्यकता नाही. तेलाचा रिकामा डबा, फुटका माठ, जुनी बादली चालते. तळाला चार छिद्रे हवीत. या भागातील काळी माती पाणी धरून ठेवते आणि वाळली की भेगाळते. म्हणून दोन भाग माती, एक भाग वाळू आणि एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत असे मिश्रण करावे. वर उसाच्या पाचटाचे बारीक तुकडे पसरावेत. दौंड परिसरात त्यांना तोटा नाही. त्यामुळे ओल टिकते आणि पाणी अर्धेअधिक वाचते.

झाडे निवडताना ऊन पाहावे. तुळस, सदाफुली, कोरफड, जास्वंद, गवती चहा यांना ऊन प्रिय आहे. कमी उजेडाच्या खिडकीत मनीप्लांट तग धरतो. पत्र्याच्या घराला पश्चिमेचे ऊन सोसवत नसेल, तर भिंतीपासून हातभर अंतरावर तारा किंवा काठ्या बांधून त्यांवर दोडका, घोसाळे किंवा गोकर्णाचा वेल चढवावा. सावली, भाजी आणि देवाला फूल असे तिन्ही त्यातून मिळते. कण्हेर शोभिवंत खरी, पण विषारी. रांगते मूल असलेल्या घरात ती नको. कुंडीखालच्या बशीतील पाणी आठवड्यातून एकदा ओतून ती कोरडी करावी. डेंग्यूचे डास तिथेच वाढतात.

तुळशीविषयी थोडे अधिक सांगणे प्राप्त आहे. अंगणातून गॅलरीत आणि गॅलरीतून खिडकीत आलेली तुळस पुष्कळ घरांत महिन्याभरात वाळते. मग घरातील सुनेला बोल लागतो, कुठे संकटाची चाहूल मानली जाते. वस्तुतः तुळशीला रोज चार-पाच तास ऊन हवे. उत्तरेकडच्या खिडकीत ते मिळत नाही. श्रद्धेपोटी दिवसातून तीनदा पाणी घातले की मुळे कुजतात. मंजिऱ्या वेळेवर खुडल्या नाहीत तर रोप लवकर म्हातारे होते. मातीवर बोट टेकवून ती कोरडी लागली तरच पाणी घालावे, पिकलेल्या मंजिऱ्यांचे बी जपून ठेवावे आणि एका तुळशीसोबत दुसरे रोप नेहमी तयार असावे. श्रद्धेला ज्ञानाची जोड मिळाली की तुळसही जगते आणि घरातील कोणाला निष्कारण दोष लागत नाही.

हात कोणाचे?

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. घर सजवणे हे केवळ गृहिणीचे काम, असे मानले जाते. कारखान्यात पाळी करून आलेला पुरुष खोलीत पाहुण्यासारखा बसतो आणि मुले अभ्यासाच्या नावाखाली पुस्तकाआड दडतात. याच शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रमाची स्थापना केली. संशोधनक्षेत्रातील मानाची नोकरी सोडून ते या दुष्काळी गावात आले आणि २००३ मध्ये देहावसान होईपर्यंत इथेच राहिले. हात काम करू लागले की बुद्धी जागी होते, हा त्यांच्या शिक्षणाचा गाभा होता. शाळेत नापास ठरलेली मुले तिथे वेल्डिंग, बांधकाम, शेती, प्रयोगशाळेतील तपासण्या शिकली आणि गावाच्या उपयोगी पडली.

तेच तत्त्व घरात आणता येते. मुलाने चुना भिजताना पाहिला, त्याची ऊब डब्याच्या बाहेरून अनुभवली, तर रसायनशास्त्राचा तो धडा त्याला परीक्षेनंतरही आठवेल. वडिलांनी शिडी धरली, आईने रंगाची छटा ठरवली, मुलीने गेरूच्या कुंडीवर पांढऱ्या ठिपक्यांची वेल काढली, आजीने मंजिऱ्यांचे बी पुडीत बांधले, तर एका रविवारी ते कुटुंब जितके एकत्र येईल, तितके दूरदर्शन संचासमोर वर्षभर बसूनही येणार नाही. कुटुंब टिकावे म्हणून समाजात पुष्कळ चिंता व्यक्त होते. कुटुंब एकत्र काम करण्याने टिकते. केवळ चिंतेने नव्हे.

बदलीचा आदेश आला तर चुन्याची भिंत मागे राहील. ती पुढच्या कुटुंबाला उजेड देईल. तुळशीची कुंडी मात्र सामानाच्या गाडीत, आईच्या पायाशी बसून, नव्या गावाला जाईल. तिच्यासोबत भिंत रंगवायला शिकलेले हातही जातील. तेव्हा 'स्वतःचे झाले की बघू' हे वाक्य या दिवाळीपुरते तरी बाजूला ठेवावे. सुरुवातीला एक भिंत आणि एक कुंडी पुरेशी आहे.