जो गॉल आणि त्यांच्या विद्यार्थिनी

(मंचाच्या मासिक बैठकीत केलेले भाषण, थोडेसे संक्षिप्त करून)



"तुमच्या क्षेत्रातल्या एखाद्या माणसाबद्दल बोला," असं संयोजकांनी सांगितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा एखादं नोबेलवालं नाव असावं. मी ज्यांच्याबद्दल बोलणार आहे त्यांना नोबेल मिळालं नाही. त्यांचं नाव जोसेफ गॉल. त्यांच्या क्षेत्रात सगळे त्यांना 'जो' म्हणत. जन्म १९२८ चा, वॉशिंग्टनचा. लहानपणीच हातात मायक्रोस्कोप आला आणि तो शेवटपर्यंत सुटला नाही. १९५२ मध्ये येलहून पीएच.डी., मग मिनेसोटा विद्यापीठ, १९६४ पासून पुन्हा येल आणि १९८३ पासून बाल्टिमोरची कार्नेगी संस्था. सप्टेंबर २०२४ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी ते गेले.

मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. त्यांनी काम कसं केलं, आणि ते काम कोणाकोणाला करू दिलं. माझ्या मते या दोन्हींचं मूळ एकच आहे.

आधी काम. आपल्या पेशींचं केंद्रक इतकं लहान असतं की त्याच्या आत काय चाललंय ते साध्या मायक्रोस्कोपखाली नीट दिसत नाही. गॉल यांचा मार्ग सरळ होता. आपल्या प्रश्नाला जो प्राणी सोयीचा, तो शोधायचा. न्यूट हा पाणथळ जागी राहणारा, पालीसारखा दिसणारा उभयचर प्राणी. त्याच्या अंडपेशीतली गुणसूत्रं प्रचंड मोठी असतात आणि त्यांच्या दोन्ही बाजूंनी केसांसारखे फासे बाहेर आलेले असतात. एकोणिसाव्या शतकातल्या शास्त्रज्ञांनी त्यांना नाव दिलं 'लॅम्पब्रश', म्हणजे कंदिलाची काच घासायचा ब्रश. ज्यांनी गावाकडे संध्याकाळी कंदिलाच्या काचा पुसल्या आहेत, त्यांना चित्र लगेच कळेल.

हे फासे म्हणजे चालू असलेली जनुकं. डीएनएच्या धाग्यावरून आरएनएची नक्कल उतरवण्याचं काम तिथे जोरात चालू असतं. गॉल आणि स्कॉटलंडचे हॅरल्ड कॅलन यांनी किरणोत्सारी यूरिडीन वापरून १९६२ मध्ये फाशांवर तयार होणाऱ्या या आरएनएचा माग काढला.

त्या काळी एक मोठा वाद होता. गुणसूत्राच्या एका पदरात डीएनएचा एकच रेणू असतो, की अनेक रेणूंचा जुडगा? गॉल यांनी डीएनए कापणारं एन्झाइम न्यूटच्या गुणसूत्रांवर सोडलं आणि मायक्रोस्कोपखाली तुकडे किती वेगाने पडतात ते मोजलं. दोन धाग्यांचा दोर तुटायचा तर दोन्ही धागे जवळजवळ एकाच जागी कापले जावे लागतात, त्यामुळे तुकडे वेळेच्या वर्गाच्या हिशेबाने वाढतात. चार धागे असतील तर चौथ्या घाताच्या हिशेबाने. फाशांचं गणित दोन धाग्यांच्या जवळ आलं आणि मधल्या दांड्याचं, जिथे दोन पदर शेजारी शेजारी असतात, चार धाग्यांच्या जवळ. म्हणजे एका पदरात एकच दुहेरी साखळी! १९६३ सालचा हा प्रयोग. एक मायक्रोस्कोप, एक घड्याळ आणि भरपूर चिकाटी. असा प्रयोग वाचला की मला आजही हेवा वाटतो.

१९६९ मध्ये त्यांची विद्यार्थिनी मेरी-लू पार्ड्यू आणि त्यांनी मिळून काचेच्या स्लाइडवर, पेशीत जागच्या जागी जनुक शोधण्याची पद्धत काढली. किरणोत्सारी आरएनए घ्यायचा. तो आपल्या जोडीच्या डीएनएला जाऊन चिकटतो. वरून फोटोचं इमल्शन लावून अंधारात ठेवलं की त्या जागी काळे ठिपके उमटतात. पुढे किरणोत्साराऐवजी चमकणारे रंग आले आणि या पद्धतीला 'फिश' म्हणू लागले. गर्भातल्या बाळाच्या गुणसूत्रांच्या तपासणीत, स्तनाच्या कॅन्सरमध्ये कोणतं औषध चालेल हे ठरवताना ही टेस्ट करतात. इथल्या काही घरांत तिचे रिपोर्ट आले असतील. त्याची सुरुवात बेडकाच्या अंडपेशीत झाली!

आता दुसरी गोष्ट. १९६३ च्या उन्हाळ्यात जोन नावाची एक मुलगी मिनेसोटाला गॉल यांच्या लॅबमध्ये आली. हार्वर्डच्या मेडिकलला तिला प्रवेश मिळालेला होता. विज्ञानाची आवड होती, पण विज्ञानात प्रोफेसर असलेली बाई तिने कधी पाहिली नव्हती. डॉक्टर बायका पाहिल्या होत्या, म्हणून मेडिकल. गॉल यांनी तिला हाताखालची मदतनीस न करता स्वतंत्र प्रश्न दिला. उन्हाळा संपेपर्यंत तिने मेडिकल सोडून पीएच.डी. करायचं ठरवलं, आणि त्यासाठी गॉल यांनीच तिला पाठिंबा दिला. पण हार्वर्डमध्ये ज्या प्रोफेसरकडे तिला काम करायचं होतं, त्यांनी नकार दिला. लग्न होईल, मुलं होतील, मग पीएच.डी.चा उपयोग काय, असा त्यांचा मुद्दा! शेवटी तिला जेम्स वॉटसन यांच्या लॅबमध्ये जागा मिळाली. हीच जोन स्टाइट्झ. आरएनएमधला नको असलेला भाग कापून उरलेले तुकडे जोडण्याचं काम पेशीतले कोणते छोटे आरएनए करतात, हे कळण्यात १९८० च्या सुमारास तिचा वाटा फार मोठा आहे.

पार्ड्यू, सुझन गर्बी, व्हर्जिनिया झाकियन, एलिझाबेथ ब्लॅकबर्न. गॉल यांच्या लॅबमधून बाहेर पडलेल्या नामवंत स्त्री-शास्त्रज्ञांची ही यादीसुद्धा अपुरी आहे. ब्लॅकबर्न १९७५ मध्ये पोस्टडॉक म्हणून येलला आल्या. तळ्यात सापडणाऱ्या टेट्राहायमिना या एकपेशीय जीवात डीएनएचे सुटे, छोटे, सरळ तुकडे हजारोंनी असतात, हे गॉल यांच्या लॅबला माहीत होतं. तुकडे जास्त म्हणजे टोकंही जास्त. त्या टोकांना सहा अक्षरांचा एकच शब्द पुन्हा पुन्हा येतो, हे दोघांनी १९७८ मध्ये दाखवलं. पुढे ब्लॅकबर्न आणि त्यांची विद्यार्थिनी कॅरोल ग्रायडर यांनी ही टोकं बांधणारं एन्झाइम शोधलं. त्याच्या पोटात साचा म्हणून आरएनएच असतो. दोघींना जॅक शोस्टाक यांच्याबरोबर २००९ चं नोबेल मिळालं. म्हणजे गॉल यांच्या 'मुलीला' आणि 'नातीला' एकदमच!

गॉल स्त्रियांसाठी मोठी चळवळ करत होते अशातला भाग नाही. समोरची व्यक्ती प्रश्न नीट विचारते का, डोळे उघडे ठेवून पाहते का, एवढंच ते बघत. न्यूटसारख्या बिनमहत्त्वाच्या प्राण्यात मोठा प्रश्न सुटेल, हे ज्या नजरेला दिसलं, त्याच नजरेला मेडिकलला निघालेल्या मुलीत शास्त्रज्ञ दिसली. रूढ समजुतीवर विसंबायचं नाही, स्वतः पाहायचं. वैज्ञानिक दृष्टिकोन म्हणून आपण इथे ज्यावर नेहमी चर्चा करतो, तो याहून वेगळा काय असतो?

पण मंडळी, इथे थांबलो तर ती 'एका भल्या माणसाची गोष्ट' होईल, आणि ती मला सांगायची नाही. जोनला गॉल भेटले, म्हणून आपल्याला जोन माहीत आहे. ज्यांना फक्त ते दुसरे प्रोफेसर भेटले, त्या आज कुठे आहेत? त्यांची यादी कोणाकडेच नाही. पोस्टडॉकच्या एका मुलाखतीत मलाही "घरी काय प्लॅन आहे?" असं हसतहसत विचारलं गेलं होतं. मी दुसरीकडे गेले, निभावलं. पण निभावणं हे नशिबावर का असावं?

म्हणून मला वाटतं, गॉल यांचा चांगुलपणा नियमांत उतरायला हवा. लॅबमध्ये कोणाला घेतलं, कोणाला स्वतंत्र प्रश्न दिला आणि कोणाला नुसती मदतनीस ठेवली, याचा हिशेब विभागांनी ठेवावा. बाळंतपणात पगार आणि ग्रँटची मुदत दोन्ही वाढावीत. आपल्यातले बरेच जण आता नोकरीसाठी दार ठोठावत नाहीत, दाराच्या आत बसलेले आहेत. व्हिसावर आलेल्या पोस्टडॉकचं पुढचं पान आपल्या सहीवर ठरतं. ती सही करताना आपण काय बघतो, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावं.

एक शेवटची गोष्ट. २०१२ मध्ये, ८४ व्या वर्षी, गॉल आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी बेडकाच्या अंडपेशीत एक नवा प्रकार पाहिला. जनुकाच्या आरएनएमधले कापून टाकलेले तुकडे लगेच नष्ट होतात, असं सगळे धरून चालले होते. इथे त्यातले काही चांगले टिकून राहिलेले दिसले! ते तुकडे तिथे काय करतात, यावर आता इतर लोक काम करत आहेत. त्यात आपल्यापैकी कोणाची मुलगी असेल तर मला आनंदच होईल.

प्रश्न जरूर विचारा.