पेढीवरील अनेकान्त



सोलापूरच्या जैन कुटुंबातील शेठ वालचंद हिराचंद वडिलोपार्जित व्यापारापाशी थांबले नाहीत. पूर्वी रेल्वेत कारकून असलेल्या लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत ते बांधकामाच्या ठेक्यांत उतरले. पुढे ५ एप्रिल १९१९ रोजी सिंधिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून लंडनला निघाले. कारकुनाच्या अनुभवाचे मोल जाणणे, हाच व्यवहारातील अनेकान्त होय.

माटुंग्यातील पेढीवर मात्र ‘असेच चालत आले आहे’ या वाक्यापुढे गुमास्ता गप्प बसतो आणि शिकलेला मुलगा नोकरी शोधतो. कोणते गिऱ्हाईक काय मागून रिक्त हस्ते परतले, हे गुमास्त्यालाच ठाऊक असते. शेठजींनी त्याला रोज विचारावे. अन्यथा पाटी राहील, पेढी राहणार नाही.

जय जिनेंद्र!