डाय देण्याआधी

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षात झालेल्या आरोग्य व्याख्यानमालेत सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते बी विंगमधील सभासद असून निवृत्त सीटी स्कॅन तंत्रज्ञ आहेत.)



कमिटीने मला 'हृदयाविषयी बोला' असं सांगितलं. मी डॉक्टर नाही. ३१ वर्षं सीटी मशीनवर काम केलेला माणूस आहे. म्हणून लिफ्टमध्ये मला सगळ्यात जास्त ज्याबद्दल विचारलं जातं, त्या 'डाय'बद्दल बोलतो. सीटी अँजिओ लिहून दिली की अर्धी भीती मशीनची नसते, या इंजेक्शनची असते.

डाय म्हटलं तरी त्यात रंग नसतो. दिसायला ते जवळजवळ पाण्यासारखं, थोडं चिकट औषध. त्यात आयोडिन असतं. रक्त आणि भोवतालचं मांस क्ष-किरणांना साधारण सारखंच दिसतं, त्यामुळे साध्या सीटीत रक्तवाहिनी आतून कुठे चोंदली आहे ते नीट कळत नाही. आयोडिनचा अणू जड, तो किरण अडवतो. मग ज्या वाहिनीतून ते वाहतं ती पांढरीशुभ्र उठून दिसते.

ही युक्ती जुनी आहे. क्ष-किरणांचा शोध नोव्हेंबर १८९५ चा, आणि जानेवारी १८९६ मध्येच व्हिएन्नात एका कापलेल्या, निर्जीव हाताच्या वाहिन्यांत खडूचं मिश्रण भरून फोटो काढला होता. जिवंत माणसाला खडू कसा टोचणार? सोसेल असं औषध मिळायला पुढे कित्येक वर्षं गेली. मी नोकरीला लागलो तेव्हाची औषधं रक्ताच्या पाचसात पट तीव्र होती. पेशंट टेबलावर अक्षरशः कळवळायचे. टोर्स्टेन अल्मेन नावाच्या स्वीडिश डॉक्टरला हे आधीच खटकलं होतं. स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर खाऱ्या समुद्रात डोळे उघडले की चुरचुरतात, बाल्टिकच्या कमी खाऱ्या पाण्यात तसं होत नाही, हे त्याला पोहताना जाणवलेलं. मग औषधातही विरघळलेल्या कणांची गर्दी कमी केली तर? एका नॉर्वेजियन कंपनीने ही कल्पना उचलली, आणि १९८२ च्या सुमारास आयोहेक्सॉल आलं. आज आपल्याला मिळतं ते याच जातीचं. जपानमध्ये ३ लाख ३७ हजारांहून जास्त पेशंट तपासून १९९० साली आकडे छापले गेले: गंभीर त्रास जुन्या औषधाने १० हजारांत २२ जणांना, नव्याने चौघांना.

आता टेबलावर काय होतं ते सांगतो. कोपराजवळच्या शिरेत सलाईनची सुई लावतात. हृदयाची तपासणी असेल तर ठोके सावकाश पडावेत म्हणून आधी गोळी देतात. साधारण ६० ते ८० मिली, म्हणजे एक कटिंग चहाएवढं औषध, सेकंदाला पाच मिलीच्या वेगाने मशीनच आत ढकलतं. महाधमनीत औषध पोचलं की स्कॅन सुरू होतो. तेवढे काही सेकंद श्वास रोखायचा. अंगभर गरम लाट येते आणि कपड्यात लघवी झाली की काय असं वाटतं. झालेली नसते! भले भले साहेब लोक लाजून उठताना मी पाहिलेत.

खरं सांगायचं ते आता. एक आजोबा आले होते. फॉर्मवर त्यांच्या मुलाने बाहेरच सही केली, सगळीकडे 'नाही' लिहिलं. गर्दी होती, मी आजोबांना स्वतः विचारलं नाही. औषध गेलं आणि दोन मिनिटांत अंगावर गांधी उठल्या, घसा आवळला, बीपी पडलं. डॉक्टर शेजारच्याच खोलीत होते, ॲड्रेनलिन दिलं, आजोबा वाचले. संध्याकाळी ते मला म्हणाले, "मागच्या वेळीही खाज आली होती रे. पण सांगितलं असतं तर तपासणी रद्द केली असती ना?" रद्द केली नसती. आधी औषधं देऊन केली असती, किंवा दुसरा डाय वापरला असता. त्या दिवसापासून मी फॉर्म बाजूला ठेवून पेशंटलाच विचारायला लागलो.

तर सुनांनो, मुलांनो, आईबाबांच्या वतीने 'नाही नाही' लिहू नका. पूर्वी डायचा त्रास झालाय का, दमा आहे का, किडनी कशी आहे, हे सांगा. क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट बरोबर न्या, कारण हे औषध किडनीवाटेच बाहेर पडतं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही सांगा. किडनी कमजोर असेल तर तपासणीनंतर ४८ तास ती बंद ठेवायला सांगतात. आपल्या मनाने मात्र बंद करू नका. आणि इंजेक्शननंतर अर्धा तास तिथेच बसा, रिक्षा पळून जात नाही.

एक गैरसमज आपल्याकडे फार आहे. "मला कोळंबी चालत नाही, मग आयोडिन कसं चालेल?" कोळंबीचा त्रास तिच्यातल्या प्रथिनाने होतो, आयोडिनने नव्हे. ॲलर्जी आहे एवढं सांगा, पण त्यापायी तपासणी टाळू नका.

प्रश्न असतील तर विचारा. ज्यांनी फायली आणल्यात त्यांनी चहा झाल्यावर थांबा. फिल्म मी बघेन, पण रिपोर्टचा अर्थ तुमचे डॉक्टरच सांगतील.