पाहुण्याची तिथी

दारी आलेल्या पाहुण्यास आपल्याकडे अतिथी म्हणतात. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, असा त्या शब्दाचा अर्थ परंपरेने सांगितला जातो. अशा पाहुण्याला ‘आपण जाणार केव्हा?’ असे विचारणे हाही आपल्याकडे असभ्यपणाच समजला जाई. परराष्ट्रात पाहुणचारास गेलेल्या प्रवाशाची स्थिती मात्र याच्या अगदी उलट असते. त्याच्या जाण्याची तिथी तो विमानतळावर उतरताच ठरते आणि बहुधा शिक्क्यानिशी पारपत्रावर नोंदली जाते. ती विसरणारा सज्जन मनुष्यही एका रात्रीत कायद्याच्या दृष्टीने अपराधी ठरतो.

व्हिसा म्हणजे परक्या देशात प्रवेश करण्याचा परवाना. काही देश शेजारधर्म म्हणून, तर काही प्रवाशांच्या आगमनाने व्यापार वाढावा म्हणून, ही अट माफ करतात. नेपाळात भारतीयास व्हिसा लागत नाही. या मोकळ्या व्यवहारास 31 जुलै 1950 च्या मैत्रीच्या तहाचा आधार आहे. मलेशियाने 1 डिसेंबर 2023 पासून भारतीय प्रवाशांस 30 दिवसांपुरती ही सवलत दिली. थायलंडने 10 नोव्हेंबर 2023 पासून 30 दिवसांची सवलत दिली आणि 15 जुलै 2024 पासून ती 60 दिवसांची केली. अशा सवलती सरकारच्या इच्छेनुसार वाढतात आणि आटतातही. म्हणून निघण्यापूर्वी त्या देशाच्या वकिलातीकडून चालू नियम समजून घेणे हेच शहाणपणाचे. परंतु सवलत कितीही उदार असली, तरी ‘व्हिसा नको’ याचा अर्थ ‘मुदत नाही’ असा होत नाही. पुष्कळ कुटुंबांची फसगत होते ती नेमकी येथेच.

उदाहरणादाखल पवईच्या तलावाकाठी राहणाऱ्या एका आजीबाईंची कल्पना करावी. लेक-जावई नोकरीनिमित्त बँकॉकला आहेत आणि लेकीचे पहिलेच बाळंतपण आहे. आजीबाई डिंकाचे लाडू बांधून सहारच्या विमानतळावरून निघतात आणि 3 ऑगस्ट 2024 रोजी तेथे पोहोचतात. दोन महिने पुरेत असा त्यांचा हिशेब. परंतु बाळंतपण लांबते, लेकीला अशक्तपणा येतो, आणि सप्टेंबर सरत आला तरी तिला सोडून निघण्यास आईचे मन धजत नाही. लेक म्हणते, “आई, आणखी महिनाभर राहा ना गं!” जावई धीर देतात, “आई, तुम्ही काळजी करू नका. चार दिवस इकडेतिकडे झाले तर कोण विचारतो?”

जावयांचा हेतू चांगला आहे. सल्ला मात्र घातक आहे. पहिली चूक दिवसांच्या मोजणीत होते. साठ दिवस म्हणजे दोन महिने नव्हेत, आणि आगमनाचा दिवस हाच पहिला दिवस धरला जातो. ऑगस्टचे 29, सप्टेंबरचे 30 आणि ऑक्टोबरचा 1 मिळून साठ दिवस होतात. म्हणजे शेवटचा दिवस 1 ऑक्टोबर. 2 नव्हे आणि 3 तर नव्हेच. परतीच्या तिकिटावरील तारीख येथे निरुपयोगी. प्रमाण एकच, पारपत्रावरील शिक्का.

दुसरी चूक ‘कोण विचारतो’ या शब्दांत आहे. थायलंडात मुदतीबाहेरच्या प्रत्येक दिवसास 500 बाथ दंड पडतो आणि तो 20,000 बाथपर्यंत चढतो. प्रश्न केवळ पैशाचा असता तर गोष्ट वेगळी. परंतु 2016 पासून तेथे असा नियम आहे की, मुदत 90 दिवसांहून अधिक उलटल्यावर स्वतः होऊन विमानतळावर हजर होणाऱ्यास एक वर्ष पुनःप्रवेश बंद होतो. आणि मुदत संपलेली असताना वाटेत पकडला गेलेला मनुष्य, वर्षाच्या आत सापडला तरी, पाच वर्षे त्या देशाबाहेर राहतो. पाच वर्षांत नातू शाळेत जाऊ लागतो!

सरळ मार्ग मात्र फारसा कठीण नाही. मुदत संपण्यापूर्वी इमिग्रेशनच्या कचेरीत स्वतः जाऊन टी. एम. 7 हा अर्ज भरावा. सोबत पारपत्र, त्याच्या प्रती, छायाचित्र आणि राहत्या जागेचा दाखला द्यावा. शुल्क 1,900 बाथ. घरमालकाने परक्या पाहुण्याची वर्दी 24 तासांत दिलेली असावी लागते. ती राहून गेली असल्यास अर्ज तेथेच अडतो. सर्व यथास्थित असल्यास अधिकारी साधारणतः 30 दिवस वाढवून देतात. आजीबाई सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गेल्या, तर 31 ऑक्टोबरपर्यंत नातवाजवळ निर्धास्त राहू शकतात. विम्याची मुदतही त्याच वेळी वाढवावी, कारण उतारवयात विम्यावाचून परदेशी राहणे हे दुसरे संकट. मात्र ही वाढ म्हणजे हक्क नव्हे, यजमानाची मर्जी होय. मलेशियासारख्या देशात तर आजार, अपघात अशा सबळ कारणावाचून ती सहसा मिळतच नाही. सीमेपलीकडे पाऊल टाकून लगेच परत येण्याची युक्ती पुष्कळजण सांगतात. पण तीच ती युक्ती पुनःपुन्हा करणाऱ्यास अधिकारी दारातूनच परत धाडू शकतात.

यात परक्यांचा जाच आहे असे मानण्याचे कारण नाही. आपल्याकडेही हीच रीत आहे. मालदीवच्या नागरिकास भारतात 90 दिवस व्हिसावाचून राहता येते. त्याहून अधिक राहणे असल्यास त्यालाही परकीय नागरिक नोंदणी कार्यालयाकडे अर्ज करावा लागतो. 1946 च्या जुन्या कायद्याची जागा 1 सप्टेंबर 2025 पासून नव्या कायद्याने घेतली, तरी परक्या पाहुण्याची वर्दी देण्याचे यजमानाचे कर्तव्य कायम आहे. 1958 साली आय. आय. टी. स्थापन झाल्यापासून देशोदेशींचे पाहुणे पवईस येतात. त्यांना घरी उतरवून घेणाऱ्या गृहस्थानेही ही वर्दी 24 तासांत दिली पाहिजे.

म्हणून परदेशी मुक्कामास पोहोचताच, सामान सोडण्यापूर्वी, पारपत्र उघडून शिक्का पाहावा. त्यावरील तारीख घरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवावी, आणि तिच्या आधीच्या पंधरवड्यावरही एक खूण करावी. मुक्काम वाढवावा की काय, याचा विचार त्या खुणेच्या दिवशी करावा. शेवटच्या दिवशी नव्हे. आजीबाईंनी एवढे केले, तर पुढच्या वर्षी नातवाच्या वाढदिवसासही त्यांना त्याच दाराने, ताठ मानेने जाता येईल.