वादळात नाव लोटणारे स्वयंसेवक



ब्रिटन किंवा आयर्लंडच्या किनाऱ्यावरील एखादे लहानसे बंदर डोळ्यांसमोर आणावे. सुतार रंधा मारीत असतो, शिक्षिका मुलांच्या वह्या तपासत असते, दुकानदार हिशेब लिहीत असतो. इतक्यात त्यांच्या कमरेचा पेजर वाजतो. हातातले काम तिथेच टाकून ही मंडळी नौकागृहाकडे धावत सुटतात, आणि काही मिनिटांत त्यांची नौका लाटांवर स्वार झालेली असते. यांतील बहुतेकांना या कामाचे वेतन मिळत नाही. दहांत जेमतेम एकाचा व्यवसाय समुद्राशी निगडित असतो. बाकीच्यांना सगळे शिकवून तयार केलेले असते.

संकटाची वर्दी देणारे तटरक्षक दल सरकारी आहे. नौका मात्र समाजाची आहे. ‘रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन’ ही ती संस्था. ४ मार्च १८२४ रोजी लंडनमध्ये तिची स्थापना झाली, तेव्हा तिचे नाव वेगळे होते. २०२४ मध्ये तिने द्विशताब्दी साजरी केली. या काळात वाचवलेल्या जिवांची संख्या १,४६,०००च्या वर जाते. ज्यांच्या राजसत्तेशी आपल्या पूर्वजांनी झुंज घेतली, त्यांच्या समाजातील गुण न्याहाळण्यात कोणताही कमीपणा नाही. राज्य करणारे वेगळे होते, आणि नाव लोटणारे वेगळे.

संस्थेचा प्रवर्तक सर विल्यम हिलरी आइल ऑफ मॅन बेटावर डग्लस येथे राहत असे. डोळ्यांदेखत जहाजे फुटताना त्याने पाहिली होती. १८२३ मध्ये त्याने देशवासीयांना उद्देशून एक आवाहन-पुस्तिका काढली. असे आवाहन काढून घरी बसणारे पुष्कळ असतात. १८३० मध्ये ‘सेंट जॉर्ज’ नावाची आगबोट डग्लसच्या खडकावर आदळली, तेव्हा साठीला टेकलेला हा गृहस्थ स्वतः नौकेत होता. लाटेने त्याला समुद्रात फेकले, बरगड्या मोडल्या. जहाजावरील सर्वजण मात्र वाचले.

परंतु नुसत्या धैर्यावर हे काम चालत नाही, हे समुद्राने फार क्रूरपणे शिकवले. ९ फेब्रुवारी १८६१ रोजी व्हिटबी बंदरातील नौका एका दिवसात अनेकदा बाहेर पडून परतली आणि अखेर उलटली. तेरांपैकी बारा बुडाले. उरला तो हेन्री फ्रीमन, कारण बुचाचे नव्या पद्धतीचे जीवरक्षक जाकीट त्या दिवशी त्याच्या अंगावर होते. बारा घरांच्या दुःखातून ‘साधन आधी, साहस मागाहून’ ही शिस्त रुजली. आज पूल गावातील संस्थेच्या प्रशिक्षण महाविद्यालयात मोठा तलाव आहे. उलटलेल्या नौकेतून अंधारात बाहेर कसे पडावे, याचा सराव स्वयंसेवकांकडून तेथे करून घेतला जातो. सेवाकार्यात प्रशिक्षणाला दुय्यम मानण्याची सवय ज्यांना आहे, त्यांनी तो तलाव लक्षात ठेवावा.

पैसा कोठून येतो? १८५४ पासून संस्थेने काही वर्षे सरकारी अनुदान घेतले. १८६९ मध्ये ते सोडले आणि ती पुन्हा लोकांच्या देणगीवर उभी राहिली. त्यानंतर डिसेंबर १८८६ मध्ये ‘मेक्सिको’ या जर्मन जहाजाच्या मदतीला तीन गावांच्या नौका निघाल्या. लिथम गावच्या नौकेने जहाजावरील बाराही जणांना वाचवले. पण सेंट ॲन्स आणि साउथपोर्ट या दोन नौकांवरील २७ स्वयंसेवक एका रात्रीत गेले. त्यांच्या बायकामुलांसाठी निधी उभा राहिला. पुढे सर चार्ल्स मॅकारा या गिरणीमालकाच्या मनात आले की, समुद्राचा भार किनाऱ्यावरील गावांनीच का वाहावा? १८९१ मध्ये समुद्रापासून दूर असलेल्या मँचेस्टरच्या रस्त्यांतून बचावनौकांची मिरवणूक निघाली. गिरणगावातील सामान्य माणसांनी पेट्यांत नाणी टाकली. रस्त्यावर उतरून निधी गोळा करण्याच्या पद्धतीतील हा आरंभीचा टप्पा मानला जातो. आजही संस्थेच्या उत्पन्नाचा मोठा वाटा लोकांनी मृत्युपत्रांत ठेवलेल्या रकमांचा असतो. ज्यांनी कधी नौकेत पाय ठेवला नाही, अशांच्या ठेवींवर त्या नौका चालतात.

आता १९ डिसेंबर १९८१ची रात्र. कॉर्नवॉलमधील माउसहोल हे कोळ्यांचे गाव नाताळच्या दिव्यांनी उजळलेले होते. ‘युनियन स्टार’ हे नवे कोरे मालवाहू जहाज पहिल्याच सफरीवर असताना त्याचे इंजिन बंद पडले आणि ते किनाऱ्याच्या खडकांकडे वाहत चालले. जहाजावर आठ जण होते. त्यांत कप्तानाची पत्नी आणि तिच्या दोन मुली. वारा चक्रीवादळाच्या वेगाचा, लाटा साठ फुटांपर्यंत. नौदलाच्या हेलिकॉप्टरने प्रयत्न करून पाहिले, पण कोणालाही वर उचलता येईना.

पेनली केंद्राची ‘सॉलोमन ब्राउन’ ही लाकडी नौका सज्ज झाली. तिचा तांडेल ट्रेव्हेलियन रिचर्ड्‌स याच्यासमोर हवे त्याहून अधिक लोक उभे होते. त्याने सात जण निवडले. त्यांत मच्छीमार होते, दूरध्वनी खात्यातील तंत्रज्ञ होता, गावातील मद्यगृह चालवणाराही होता. सतरा वर्षांच्या नील ब्रॉकमनला मात्र त्याने परत पाठवले. त्याचे वडील नौकेत चढले होते, आणि अशा रात्री एका घरातील दोघे न्यायचे नाहीत, हे रिचर्ड्‌सने ठरवलेले होते. आपण कोठे निघालो आहोत, हे त्या तांडेलाला पुरते ठाऊक होते, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

नौका जहाजाला पुनःपुन्हा भिडत राहिली. एकदा तर लाटेने ती उचलून जहाजाच्या डेकवरच आपटली. चार जणांना घेतल्याचा निरोप बिनतारी यंत्रावर आला. एवढ्यावर परतणे शक्य होते आणि कोणी दोषही दिला नसता. उरलेल्यांसाठी ती पुन्हा वळली. त्यानंतर यंत्रावर आवाज आला नाही. जहाजावरचे आठ आणि नौकेवरचे आठ, सोळाही जण गेले.

दुसऱ्या दिवशी माउसहोलमध्ये नव्या पथकासाठी माणसे पुढे आली होती. ज्या घरांत सुतक होते, त्याच गल्ल्यांतून ती आली. परत पाठवलेला नील पुढे याच केंद्राचा तांडेल झाला. दरवर्षी १९ डिसेंबरला त्या गावातील नाताळचे दिवे तासभर मालवले जातात. त्या घरांतील आया-बायकांनी पेजरच्या प्रत्येक आवाजाबरोबर काय सोसले असेल, त्याची नोंद कोणत्याही अहवालात सापडणार नाही.

या कामाला वादानेही गाठले आहे. २०२१ मध्ये लहान होड्यांतून इंग्लिश खाडी ओलांडणाऱ्या स्थलांतरितांना वाचवल्याबद्दल संस्थेवर जाहीर टीका झाली. संस्थेने उत्तर दिले की, बुडणाऱ्याला तो कोण आणि का आला, हे विचारले जात नाही. देशाच्या सीमा राखणे हे राज्याचे कर्तव्य आहे, त्यात ढिलाई नको. परंतु तो निर्णय जमिनीवर आणि कायद्याने व्हायचा असतो. गटांगळ्या खाणाऱ्या माणसाच्या डोक्यावर उभे राहून तो करता येत नाही. टीकेनंतर संस्थेकडे देणग्यांचा ओघ वाढला.

आपल्या किनाऱ्यालाही हा वारसा नवा नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. जी थोडी वाचली, त्यांतील अनेकांना रेवसच्या कोळी बांधवांनी आपल्या होड्यांत ओढून घेतले होते. त्यांच्याजवळ पेजर नव्हता, जाकिटे नव्हती. होते ते समुद्राचे ज्ञान आणि हात.

आज भारतीय तटरक्षक दल आहे, मुंबईत शोध व बचावकार्याचे समन्वय केंद्र आहे, १५५४ हा मदतीचा क्रमांक आहे. तरीही खाडीच्या तोंडाशी होडी उलटते तेव्हा सर्वांत जवळ असतो तो मासेमारीहून परतणारा नाखवाच. त्याच्या होडीत चार जाकिटे जास्तीची आहेत का? बुडालेल्याच्या छातीतले पाणी आणि श्वास यांचे काय करायचे, हे त्याच्या मुलाला कोणी शिकवले आहे का? दुसऱ्याला वाचवताना त्याचे जाळे तुटले, दिवसाचा धंदा गेला किंवा तो स्वतःच परतला नाही, तर त्याच्या घरी कोण जाणार? मुंबई-पुण्यात राहणाऱ्या, वर्षातून एकदा अलिबाग-मालवणच्या वाळूत फिरून येणाऱ्या कुटुंबांनी पुढच्या खेपेस बंदरावरच्या मच्छीमार सोसायटीत पाच मिनिटे डोकावावे आणि हे प्रश्न तेथे विचारावेत.